डोंगरातल्या गावी कॅम्पर लावून रात्र काढायची असेल तर

गेल्या काही वर्षांत जर्मनी, नेदरलँड्स, स्वित्झर्लंडमधल्या ओळखीच्या बऱ्याच मराठी घरांनी सुट्टीत मोटरहोम म्हणजे कॅम्पर, आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यायला सुरुवात केलीये आणि दर उन्हाळ्यात मला तेच तेच प्रश्न येतात. रात्री गाडी लावायची कुठे, पाणी कुठे भरायचं, टॉयलेटचं काय करायचं, भारतातून आलेल्या आईबाबांना त्यात राहणं जमेल का. फोनवर प्रत्येकाला वेगवेगळं सांगताना नेमकं काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितेय. उदाहरण फ्रेंच आल्प्समधलं घेते कारण तिथे आम्ही सगळ्यात जास्त राहिलोय, आणि गाव घेते सां-व्हेरां, केरा नावाच्या डोंगराळ भागातलं, २०४० मीटर उंचीवरचं, युरोपातल्या सगळ्यात उंच वस्त्यांपैकी एक. दुसरीकडे कुठे जाणार असाल तरी यातलं बहुतेक सगळं तसंच लागू पडेल.

आधी ही जागा म्हणजे काय ते समजून घ्या कारण इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. फ्रान्समध्ये तिला 'एर द कॉम्पिंग-कार' म्हणतात, जर्मनीत श्टेलप्लाट्झ, इटलीत आरेआ सोस्ता. ही कॅम्पसाइट नाही. कॅम्पसाइटला रिसेप्शन असतं, अंघोळीच्या खोल्या असतात, तुम्ही खुर्च्या-टेबल मांडून आठ दिवस राहू शकता. एर म्हणजे बहुतेक वेळा गावाने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, कॅम्परवाल्यांना एकदोन रात्री गाडी उभी करायला दिलेला पार्किंगचा तुकडा. कुठे पाण्याचा नळ आणि घाण पाणी सोडायची जाळी असते, कुठे वीज असते, कुठे यातलं काहीच नसतं, नुसती सपाट जागा आणि एक फलक. त्या फलकावर किती तास राहता येईल (४८ तास हे बऱ्याच ठिकाणी दिसतं), पैसे कुठे भरायचे, काय चालत नाही, ते सगळं लिहिलेलं असतं. गाडी लावल्या लावल्या पहिलं काम म्हणजे तो फलक मोबाईलच्या भाषांतर ॲपने शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं. दोन वर्षांपूर्वीचा रिव्ह्यू बघून जाऊ नका, दर आणि नियम दर मोसमात बदलतात, फलक सांगतो तेच खरं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला शिकायला तीन ट्रिपा लागल्या: सगळी कामं खाली दरीत उरकायची, वर फक्त राहायचं. पाणी, गॅस, डिझेल, किराणा, टॉयलेट रिकामं करणं, सगळं खाली. वर गेल्यावर सोय मिळाली तर चांगलंच, पण ती असेलच असं धरून चालायचं नाही. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी धाकधूक तिथेच जाते.

गाडी कुठली घ्यावी

डोंगरात जाणार असाल तर सात-साडेसात मीटरची मोठी गाडी घेऊ नका. चौघांना आतून ती छान वाटते पण गावातल्या वळणावर जीव घेते. सहा मीटरची व्हॅनसारखी गाडी बघा, उंची तीन मीटरच्या आत असलेली. उंचीचा एक फायदा असा की फ्रान्सच्या टोल रोडवर दोन ते तीन मीटर उंचीच्या गाडीला क्लास २ लागतो, तीन मीटर किंवा जास्त झाली की क्लास ३, आणि लांबच्या प्रवासात तो फरक चांगलाच जाणवतो. वजनाकडे बघा. साध्या कारच्या म्हणजे बी लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतची गाडी चालते, आणि भाड्याच्या गाड्या बहुतेक त्या आकड्याच्या आतच पण अगदी काठावर असतात. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, त्यात चार माणसं, सायकली, आणि आपला तांदूळ-डाळीचा डबा, बेरीज करून बघा. भारतातून येऊन चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, तो एक वर्ष चालतो आणि मूळ लायसन्ससोबतच दाखवायचा असतो, शिवाय बऱ्याच कंपन्यांची वयाची आणि लायसन्स किती जुनं हवं याची अट असते ती बुकिंगच्या आधी विचारा.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. आम्हाला एकदा परत देताना बंपरवरच्या एका ओरखड्याचे पैसे डिपॉझिटमधून कापले, जो ओरखडा आधीपासून होता आणि आमच्याकडे फोटो नव्हता, त्यामुळे बोलायला जागाच राहिली नाही. तेव्हापासून मी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून व्हिडिओ काढते, छत आणि पायरीसकट. आणि हे सामान आहे ना ते डोळ्यांनी बघा: चाकाखाली घालायच्या पाचरी, निळ्या तीन पिनांच्या प्लगची लांब वायर आणि तिचा साध्या प्लगला लागणारा अडॅप्टर, पाण्याचा पाइप आणि नळाला बसणारे दोन-तीन मापांचे तोंडाचे तुकडे, टॉयलेटचं केमिकल. पाइपाचे तुकडे कोणी आठवणीने देत नाही आणि ऐनवेळी नेमका तोच तुकडा नसतो.

थंडीत जाणार असाल तर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च फ्रान्सच्या डोंगराळ भागात हिवाळी टायर किंवा चेन बाळगणं बंधनकारक आहे आणि हा नियम कॅम्परलाही आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी मात्र हिवाळ्यात जाऊच नये असं माझं स्पष्ट मत. जून किंवा सप्टेंबर सगळ्यात छान. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत अख्खा फ्रान्स सुट्टीवर असतो, तेव्हा दुपारी दोनच्या आत पोहोचला नाहीत तर जागा मिळणं कठीण.

वर जाताना

सां-व्हेरांला जायचं तर खाली गियेस्त्र नावाचं गाव लागतं, साधारण १००० मीटरवर. तिथे सुपरमार्केट आहे, पेट्रोल पंप आहे, सगळं तिथेच भरून घ्या. तिथून पुढे तीसेक किलोमीटरचा रस्ता गिल नदीच्या घळीतून जातो, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली नदी, मधे कातळात खोदलेले बोगदे. रस्ता चांगला आहे पण घळीत अरुंद आहे. मग मोलीन, आणि मग सां-व्हेरां. ब्रियांसोंकडून इझोआर खिंडीतूनही येता येतं, ती २३६० मीटरवर आहे आणि दृश्य वेड लावणारं आहे, पण पहिल्या दिवशी नवीन गाडी घेऊन तिकडून येऊ नका. इटलीकडून येणारी आन्येल खिंड तर २७४४ मीटर, आणि हिवाळ्यात दोन्ही बंद असतात.

आपल्याकडे वरंधा किंवा आंबा घाटात ज्याने गाडी चालवलीये त्याला वेगळं काही शिकायला लागत नाही. चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्याने आधी थांबायचं, हा नियम तिथेही तोच आहे. फरक गाडीच्या वजनात आहे. साडेतीन टन उतारावर नुसत्या ब्रेकवर धरायला गेलात तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल मऊ लागायला लागतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, दुसरा नाहीतर तिसरा, इंजिनाला आवाज करू दे. मागे गाड्यांची रांग लागली की पहिल्या मोकळ्या जागी बाजूला घेऊन सगळ्यांना जाऊ द्या, स्थानिक लोक हात करून आभार मानतात, कारण ते बिचारे कामावर निघालेले असतात आणि आपण सुट्टीवर असतो.

जागेवर पोहोचल्यावर

सां-व्हेरांमध्ये उन्हाळ्यात बाहेरच्या गाड्यांना गावात शिरता येत नाही, वेशीपाशी पार्किंग आहे तिथेच लावायची आणि चालत वर जायचं. हे फार बरं आहे, कारण गावातली गल्ली म्हणजे एकच लांब रस्ता, दोन्हीकडे खाली दगड आणि वर लार्चच्या लाकडाची घरं, पूर्वी त्याच घरांत खालच्या मजल्यावर गुरं आणि माणसं हिवाळ्यात एकत्र राहायची, ऊब मिळावी म्हणून. अशा गल्लीत कॅम्पर घुसलाच तर मागे यायलाही जागा नाही.

जागा निवडताना मी चार गोष्टी बघते. वर सुटा कडा किंवा दगडांची उतरण तर नाही ना, शेजारी ओढा असेल तर त्याच्या अगदी काठाला नाही ना (दुपारच्या वादळी पावसात ओढ्याचं पाणी बघता बघता चढतं), शेजारच्या गाडीपासून दार नीट उघडेल इतकं अंतर आहे ना, आणि सकाळी ऊन कुठून येईल. शेवटचं लोक विसरतात पण २००० मीटरवर सकाळी आठला गाडीवर ऊन पडणं आणि दहाला पडणं यात खूप फरक आहे. गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा म्हणजे रात्री कोणाला बरं नसलं, निघायला लागलं, तर मागेपुढे करत बसायला नको.

मग गाडी सपाट करायची. ओट्यावर एका ताटलीत थोडं पाणी ओता आणि बघा कुठे जातंय, त्या बाजूच्या चाकाखाली पाचर ठेवून हळूच वर चढवा, हँडब्रेक ओढा. नुसतं झोपण्यासाठी नाही, गॅसवर चालणारा फ्रिजही गाडी तिरकी असेल तर नीट थंड होत नाही. सपाट करता आलीच नाही तर निदान डोकं वरच्या बाजूला करून झोपा.

आता महत्त्वाचं: खुर्च्या, टेबल, छत्री, दोरीवर कपडे, बाहेर शेगडी, यातलं काहीही एरवर मांडायचं नाही, फलकावर स्पष्ट परवानगी असल्याशिवाय. फ्रान्समध्ये गाडी उभी करणं वेगळं आणि कॅम्पिंग करणं वेगळं धरतात. इटलीत तर वाहतूक कायद्याच्या १८५ व्या कलमात सरळ लिहिलंय की गाडी फक्त चाकांवर टेकलेली असेल, तिच्यातून सांडपाणी वगैरे काही बाहेर पडत नसेल आणि ती स्वतःच्या मापापेक्षा जास्त जागा अडवत नसेल तर ते पार्किंग, नाहीतर कॅम्पिंग. मला हा नियम खूप आवडतो, डोक्यात ठेवायला सोपा आहे, कुठल्याही देशात याच मापाने वागलात तर कोणी तुम्हाला बोलणार नाही. मुलांना मोकळं खेळायचं असेल तर चालत गावाबाहेर जा, डोंगर समोरच आहे.

पैसे मशीनमध्ये भरायचे असतील तर पावती काचेमागे दिसेल अशी ठेवा. काही गावांत सकाळी पालिकेचा माणूस येऊन घेऊन जातो, त्याच्यासाठी सुटी नाणी हाताशी असू द्या. आणि हो, कोणाशीही बोलायच्या आधी बोंझूर म्हणायचं. इंग्रजीत थेट प्रश्नाने सुरुवात केली तर तिथे ते फार उद्धट वाटतं, बोंझूर म्हणून मग मोडकंतोडकं काहीही बोललात तरी माणसं हसून मदत करतात, हा माझा दर वेळचा अनुभव.

पाणी

नळाचा जो खांब असतो तो नाण्यावर, कार्डावर किंवा झेतोंवर म्हणजे टोकनवर चालतो, आणि टोकन मशीनमध्ये मिळत नाही तर बेकरीत, पर्यटन कार्यालयात किंवा पालिकेत मिळतं. रविवारी दुपारी यातलं बरंच काही बंद असतं. म्हणून खांब टोकनवर चालणारा असेल तर आदल्या दिवशीच दोन टोकन घेऊन ठेवा. एका खांबावर बरेचदा दोन नळ असतात आणि इथे नीट लक्ष द्या, एक पिण्याच्या पाण्याचा, त्यावर 'ओ पोताब्ल' असं लिहिलेलं, आणि दुसरा टॉयलेटची कॅसेट म्हणजे खालची काढता येणारी टाकी धुवायचा, त्यावर 'नों पोताब्ल'. त्या दुसऱ्या नळाला लोक कॅसेटचं तोंड लावतात. तिथून कधीही, अगदी हात धुवायलासुद्धा पाणी घेऊ नका. पिण्याच्या नळालाही आपला पाइप लावायच्या आधी थोडं पाणी वाहू द्या आणि नळाचं तोंड पुसून घ्या.

थंडीच्या महिन्यांत पाइप गोठून फुटू नयेत म्हणून वरच्या गावांतले हे नळ बंदच ठेवतात, ऑक्टोबरमध्ये गेलात तरी कोरडा खांब मिळू शकतो. सां-व्हेरांमध्ये जागोजागी लाकडी हौद आहेत, डोंगरातलं पाणी अखंड वाहत असतं, बाटली भरून प्यावंसं वाटतं, पण तिथे पाइप लावून टाकी भरायला जाऊ नका, ते गावाचं पाणी आहे.

१०० लिटर चौघांना किती पुरतं? आपण घरी वापरतो तसं वापरलं तर एक दिवसही नाही. जपून वापरलं तर दोन ते अडीच. भांडी विसळताना नळ सोडून ठेवायचा नाही, आधी टिश्यूने तेल-मसाला पुसून काढायचा, मग एका टबात धुवायची. पुसण्याचं दुसरं कारण म्हणजे तेलकट पाणी सांडपाण्याच्या टाकीत दोन दिवस राहिलं की उन्हात असा वास सुटतो की झोप लागत नाही. ते सांडपाणी फक्त जाळीवर सोडायचं, गाडी जाळीवर नेमकी आणायची, मग झडप उघडायची. रात्री हळूच गवतात सोडून दिलं, कोणाला कळतंय, असं करणारे आहेत, आणि त्यांच्यामुळेच कित्येक गावांनी कॅम्परना मनाई करणारे फलक लावलेत. आपण त्यांतले होऊ नये, एवढी माझी हात जोडून विनंती.

टॉयलेट, ज्याबद्दल सगळे हळू आवाजात विचारतात

खरंच घाबरण्यासारखं काही नाही. खाली एक साधारण १७ ते २० लिटरची कॅसेट असते, गाडीच्या बाहेरच्या छोट्या दारातून ती ओढून काढता येते. फरक एवढाच की कॅसेट बनवणाऱ्यांनी टॉयलेट पेपरचा हिशोब केलाय आणि आपण पाणी वापरतो. मगभर पाणी प्रत्येक वेळी गेलं तर चौघांची कॅसेट एका दिवसात भरते. आम्ही पाऊण लिटरची तोटीवाली बाटली ठेवतो, एक बाटली दोन-तीन वेळा पुरते, आणि दिवसा गावातलं सार्वजनिक टॉयलेट वापरतो. आई सांगलीहून आली होती तेव्हा तिला हीच सगळ्यात मोठी काळजी होती, पहिल्या दिवशी संकोच वाटला, दुसऱ्या दिवशी बाटली भरून ठेवायचं काम तिनेच घेतलं.

रिकामी करायला कॅसेट भरल्याचा लाल दिवा लागायची वाट बघू नका, वर चढायच्या आधी खालीच रिकामी करून घ्या. हातात रबरी मोजे. कॅसेट ओढायची, चाकं असतात त्यावरून न्यायची, तोंडाची नळी बाहेर वळवायची, झाकण काढायचं आणि ओतताना वरचं हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरायचं, म्हणजे गडगड न होता सरळ धार पडते, बटण विसरलात तर ते उसळून अंगावर येतं. मग दोन-तीन लिटर पाणी घालून हलवून दोनदा ओतायचं. शेवटी थोडं पाणी आणि केमिकल घालून परत बसवायचं. ब्लीच, फिनेल टाकू नका, आतली रबरी वायसर खराब होते. आणि हे फक्त त्यासाठीच्या खड्ड्यात ओतायचं, सांडपाण्याच्या जाळीत नाही, कुठल्याही गटारात नाही.

एक लहानशी गोष्ट, १००० मीटरवरून २००० वर गेलं की चिप्सचं पाकीट फुग्यासारखं टम्म होतं, ते सगळ्यांनी बघितलंय. कॅसेटच्या आतही तसाच दाब धरू शकतो. वर पोहोचल्यावर पहिल्यांदा वापरताना सरकती झडप एकदम उघडू नका, वाकून बघत तर अजिबात नाही, आधी थोडीशी फट करून हवा जाऊ द्या.

वीज, गॅस आणि थंडी

वीज मिळाली तरी ती घरासारखी नसते. फ्रेंच एरवर ६ अँपिअर बऱ्याच ठिकाणी असतं, म्हणजे २३० व्होल्टने गुणलं तर १३८० वॉट. आपली किटली २००० वॉटची असते, लावली की खांबावरचा खटका पडतो आणि तो खांब कुलपात असेल तर रात्रभर तुम्हीही अंधारात आणि कदाचित शेजारीही. चहा गॅसवर करा. वायर रीळवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण सोडून मग लावा, गुंडाळलेली वायर तापते.

गॅसचं मात्र नीट समजून घ्या. ब्युटेन साधारण शून्य अंशाला वायू व्हायचं बंद होतं, म्हणजे सिलेंडर भरलेला असून शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. डोंगरात प्रोपेनच हवा, फ्रान्समध्ये दोन्ही मिळतात म्हणून घेताना सिलेंडरवर वाचा. आणि एका देशाचा सिलेंडर दुसऱ्या देशात बदलून मिळत नाही, तोंडाचे आटे वेगळे असतात, तेव्हा निघतानाच भरलेला घ्या.

आता आमची फजिती सांगते कारण ती तुमची होऊ नये. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, लार्चची झाडं पिवळीजर्द झालेली, रात्री सगळे रजईत मस्त झोपलो आणि गॅस वाचवायचा म्हणून हीटर बंद ठेवला. पहाटे साडेपाचला नळ सोडला, थेंब नाही. टॉर्च घेऊन खाली वाकले तर गाडीखाली ओला पट्टा आणि त्याच्या कडेला बर्फाची पापडी. आम्हाला वाटलं टाकी फुटली. नवऱ्याने तासभर सगळी कपाटं रिकामी केली तेव्हा पलंगाखाली बॉयलरशेजारी एक छोटं बटण सापडलं, बाहेर आलेलं. ती गोठण्यापासून वाचवणारी झडप, आतलं तापमान ३ अंशांच्या आसपास गेलं की आपोआप उघडते आणि बॉयलर फुटू नये म्हणून पाणी सोडून देते, आणि पंप चालू राहिला असेल तर टाकीतलंही सगळं जातं. बटण दाबून काही होईना, कारण ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय ती बंदच होत नाही. हीटर लावून तासाने दाबलं तेव्हा बसलं. पाणी अर्थात गेलेलं, नळ हिवाळ्यासाठी बंद, मग शेजारच्या डच आजोबांनी दहा लिटरचा कॅन दिला त्यावर तिघांचे चहा आणि दात घासणं झालं. गाडी घेताना विचाराच, ती झडप कुठे आहे. ऑगस्टमध्येसुद्धा या उंचीवर पहाटे पाच अंशांपर्यंत उतरू शकतं, हीटर मंद चालू ठेवून झोपा आणि झोपताना पाण्याचा पंप बंद करा. हवेच्या जाळ्या थंडी येते म्हणून कापडाने बुजवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे आणि त्यात सेल आहेत हे बघा.

स्वयंपाक

२००० मीटरवर पाणी साधारण ९३ अंशांना उकळतं. साध्या पातेल्यात तूरडाळ लावलीत तर दोन तास शिजत राहील आणि तरी कणी राहील, गॅस फुकट. दोन लिटरचा छोटा कुकर न्याच, मला तर वाटतं सुटकेसपेक्षा तो महत्त्वाचा. डाळ दुपारी भिजत घाला, संध्याकाळी तांदळाबरोबर एकदमच लावा. शिट्टी होऊ देताना वेळ बघा, संध्याकाळी सातला ठीक आहे, रात्री दहाला शेजारी दचकून उठतील.

फोडणी घरून करून बाटलीत आणा. बंद गाडीत मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी दिली की रजया, उशा, पडदे सगळ्याला तो वास लागतो, धुराचा अलार्म वाजतो, आणि गाडी परत देताना साफसफाईचे पैसे लागू शकतात. मेतकूट, भाजणी, कोरडी चटणी, दडपे पोह्यांचं सामान, एवढ्यावर दोन दिवस आरामात निघतात. आणि एक जेवण तरी गावात जेवा, ब्रेड-चीज तिथल्याच दुकानातून घ्या, केराचं स्वतःचं निळं चीज मिळतं ते घेऊन बघा. पार्किंगचे पैसे थोडे असतात किंवा नसतातच, गावाला आपला उपयोग होतो तो असा.

गावात आणि डोंगरावर

सां-व्हेरांच्या भिंतींवरची सूर्यघड्याळं मुलांना दाखवा, बरीच एकोणिसाव्या शतकातली आहेत, रंगवलेली, पक्षी-फुलं काढलेली, आणि उन्हाच्या दिवशी वेळ खरंच दाखवतात, उन्हाळ्यात मनगटावरच्या घड्याळाशी दीडेक तासाचा फरक कुठून येतो ते समजावून सांगताना आमचा अख्खा एक तास गेला. गावाचे सामायिक भट्टीघर आहेत, जिथे पूर्वी सगळ्यांची पोळी-पाव एकदम भाजला जायचा. लोकांच्या खिडक्यांतून फोटो काढू नका, तिथे माणसं राहतात.

चालायला निघालात तर गाडीच्या छताच्या खिडक्या लावूनच निघा, सकाळचं आभाळ कितीही निळं असू दे. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांसह पाऊस ही रोजची गोष्ट आहे, आमची एक गादी भिजून दोन दिवस वाळली नव्हती. मेंढ्यांचा कळप दिसला तर त्यात पातू नावाचे मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात, लांडगे आहेत म्हणून ठेवलेले. पळू नका, काठी उगारू नका, सायकल असेल तर उतरा, शांतपणे लांबून वळसा घाला.

रात्री दहानंतर सरकतं दार उघडबंद करू नका, त्याचा आवाज आतून वाटतो त्यापेक्षा बाहेर फार मोठा होतो. इंजिन चालू ठेवून बसणं, जनरेटर, स्पीकर, अजिबात नाही. एकदा दिवे मालवून दहा मिनिटं बाहेर उभे राहा फक्त, जॅकेट घालून. आईने तिथे आकाशगंगा पन्नासेक वर्षांनी बघितली, लहानपणी अंगणात झोपायचो तेव्हा दिसायची म्हणाली, आणि बराच वेळ आत यायलाच तयार नव्हती.

निघताना आमचा एक क्रम ठरलेला आहे आणि मोठी मुलगी तो मोठ्याने म्हणते: गॅस बंद, छताच्या खिडक्या बंद, फ्रिजचं दार लॉक, वायर काढली, पायरी आत, पाचरी उचलल्या. पायरी बाहेर राहिली तर पहिल्याच वळणावर ती दगडाला लागून वाकते, म्हणून तिच्याकडे मी स्वतः खाली उतरून बघते. मग गाडीच्या जागेवर एक चक्कर, कोणाचाही असो, कागद-कचरा उचलायचा. बेकरी उघडलेली असली तर एक गरम पाव घ्यायचा, दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू खाली उतरायचं, आणि खालच्या गावात पहिल्या जाळीवर थांबून टाक्या रिकाम्या करायच्या.